नळीतून औषधं देतानाचे 44 दिवस

आईला 11 मार्चला डिस्चार्ज मिळाला आणि 24 एप्रिलला तिच्या नाकातली नळी निघाली. मधले 44 दिवस तिची सगळी औषधं मी आणि ताईनं दिली. मी हिशेब तपासतो, ताई शाळेत शिकवते. दवाखान्याशी आमचा संबंध सर्दी-तापापुरता. डिस्चार्जच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसलो होतो. स्वतः हे केलेल्या, त्यात चुकलेल्या कुणाचं तरी लिहिलेलं वाचायला हवं होतं, ते सापडलं नाही. म्हणून हे लिहितोय. खाली येणारे डोस आईचे आहेत. तुमच्या माणसाचे डॉक्टरांनाच विचारा.

थोडक्यात परिस्थिती अशी होती. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, गिळताना ठसका लागतो म्हणून राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी. मधुमेह, बीपी आणि थायरॉइड आधीपासूनच. पडून राहिल्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी झाली, त्यासाठी पोटात इंजेक्शन. डोळ्यांत काचबिंदूचे थेंब. म्हणजे एकाच माणसाला नळीतून, कातडीखालून आणि डोळ्यातून अशा तीन वाटांनी मिळून अकरा औषधं.

डिस्चार्ज सकाळी दहाला सांगितला होता, कार्ड हातात पडलं पावणेपाचला. त्या वाट पाहण्यातच माझं शिक्षण झालं. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "नुसते बसू नका, आजचे डोस तुम्ही द्या, मी बघते." त्यांच्याकडे एक छापील कागद होता: नळी तपासणं, औषध देणं, इन्सुलिन, सुयांची विल्हेवाट. प्रत्येक गोष्ट करून दाखवली की पुढे त्यांची सही. चार सह्या झाल्याशिवाय त्या सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा वैताग आला होता. तुमच्या हॉस्पिटलात असा कागद नसला, तरी निघण्याआधी किमान एक पूर्ण फेरी स्वतःच्या हातानं करा, कुणीतरी बघत असताना.

दुसरं काम म्हणजे कार्ड तिथेच बसून वाचणं. माझ्या कार्डावर डोळ्यांच्या थेंबांपुढे 'ओडी' लिहिलं होतं. गोळ्यांच्या भाषेत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या भाषेत उजवा डोळा. आई वर्षानुवर्षं दोन्ही डोळ्यांत दोनदा घालत होती. विचारलं तर कळलं, नक्कल करताना गफलत झाली होती. निवासी डॉक्टरांनी खोडून नव्यानं लिहिलं, शिक्का मारला. मग मी प्रत्येक ओळीपुढे त्यांच्याकडून पूर्ण शब्दांत लिहून घेतलं: कशासाठी, किती, कुठल्या वाटेनं, केव्हा, किती दिवस. मागे रांग होती, मला लाज वाटत होती, तरी घेतलं.

पुढे वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये औषधांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम काढली, आणि त्यात तीन ठिकाणांवर बोट ठेवलं: जोखमीची परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचा काळ. आई त्या संध्याकाळी तिन्हीत बसत होती.

पहिली चूक 13 मार्चला, घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी. नळीतून द्यायच्या म्हणून मी सकाळच्या सगळ्या गोळ्या खलात एकत्र कुटायचो आणि एकाच ग्लासात कालवून ढकलायचो. मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं, वेळ वाचत होता. त्यात बीपीची एक गोळी होती, नावाच्या शेवटी 'एक्सएल'. साडेदहाला आई नेहमीपेक्षा गळून गेलेली दिसली. मशीन लावलं तर बीपी 88/54 आणि नाडी 46. कार्डावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: "ती गोळी कुटलीत का?"

ती गोळी चोवीस तासांत हळूहळू सुटेल अशी बांधलेली असते. कुटली की ते बांधकाम मोडतं आणि दिवसभराचं औषध तासाभरात रक्तात उतरतं. त्यांनी कॅज्युअल्टीत बोलावलं, दुपारी चारपर्यंत मॉनिटर लावून ठेवलं, मग नाडी वर आली. त्याच औषधाची साधी गोळी दिवसातून दोनदा विभागून लिहून दिली. एक्सएल, एक्सआर, एसआर, सीआर, ईआर, एलए यातलं काहीही नावामागे असेल तर खल बाजूला ठेवा आणि आधी विचारा. आणि ही अक्षरं नसली म्हणजे गोळी कुटायची असं नाही. आईची ॲसिडिटीची गोळीही कुटायची नव्हती, कारण तिच्यावरचं आवरण औषधाला पोटातल्या आम्लापासून वाचवून आतड्यापर्यंत नेण्यासाठी असतं. कुटलं की ते वाटेतच नासतं. तिच्याऐवजी नळीतून जाण्याजोगं दुसरं औषध मिळालं. फार्मासिस्टकडे गेलो तेव्हा त्यांनी अकराही औषधांची यादी ओळीनं पाहून दिली, वीस मिनिटं लागली. हे काम मी 11 तारखेलाच करायला हवं होतं. "नाकात नळी आहे" हे वाक्य औषधं घेताना मी उच्चारलंच नव्हतं.

आता नळीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त वेळ तिनंच खाल्ला.

नाकपुडीशी नळीवर 55 सेंटिमीटरचा आकडा होता. तो दर वेळी आधी पाहायचा. चिकटपट्टी सैल असेल किंवा आकडा सरकला असेल तर काहीही आत सोडायचं नाही. मग सिरिंजनं थोडं ओढून पीएचच्या, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या, पट्टीवर थेंब टाकायचा. 5.5 किंवा त्याखाली आलं तर टोक पोटात आहे. आईचं कधी कधी 6 यायचं, ॲसिडिटीच्या औषधामुळे. तेव्हा फोन करून विचारायचो, त्यांनी शंका घेतली तर एक्स-रे. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवा सोडायची आणि बुडबुड ऐकायची ही पद्धत मला एका नातेवाइकानं मोठ्या आत्मविश्वासानं शिकवली होती. सिस्टरनी ती साफ मोडीत काढली: नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो.

डोकं 30 ते 45 अंश वर, आणि देऊन झाल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास तसंच. आधी 30 मिलिलिटर साधं पाणी, मग एक औषध, मग 10-15 मिलिलिटर पाणी, मग दुसरं औषध, शेवटी पुन्हा 30. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, वेगळी विरघळवायची. फीडमध्ये, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ अन्नात, औषध कालवायचं नाही. ग्लासाच्या तळाशी जो पांढरा गाळ राहतो तोही औषधच असतो, तो पाण्यानं विसळून आत गेला पाहिजे, नाहीतर डोस कमी पडला. सिरप शक्य असेल तिथे सिरप. थायरॉइडच्या गोळीआधी आणि नंतर तासभर फीड बंद, म्हणून माझा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा.

19 मार्चला रात्री नळी तुंबली. शेवटचं पाणी द्यायला मी कंटाळा केला होता, बस. सिरिंजचा दट्ट्या जागचा हलेना. मी जोर करायच्या बेतात होतो, आणि हाताला लागलेली सिरिंज 5 मिलिलिटरची होती. छोट्या सिरिंजनं दाब जास्त पडतो, नळी फाटू शकते. म्हणून 50 ची मोठी घ्यायची. कोमट पाणी भरायचं, हलकेच ढकलायचं, हलकेच ओढायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा. आई छताकडे बघत पडली होती. दर थोड्या वेळानं डोळे माझ्याकडे वळवायची आणि पुन्हा छताकडे. चाळीस मिनिटांनी सिरिंजमध्ये एक राखाडी पापुद्रा आला आणि पाणी सरकलं. तार वगैरे घालायचं मनात आलं होतं, हेही कबूल करतो. ते अजिबात करू नका.

इंजेक्शनांची भीती मला नळीपेक्षा जास्त होती आणि प्रत्यक्षात ती सोपी निघाली. इन्सुलिनचं पेन, 4 मिलिमीटरची सुई, सरळ काटकोनात. दुधाळ रंगाचं मिश्र इन्सुलिन असेल तर आधी तळव्यांत दहा वेळा फिरवायचं आणि दहा वेळा सावकाश उलटं-सुलटं करायचं. 2 युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसला की मगच खरा डोस. बटण दाबल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजून सुई काढायची. सुई दर वेळी नवी.

रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन मात्र वेगळ्या स्वभावाचं. 60 मिलिग्रॅम म्हणजे 0.6 मिलिलिटर, आधीच भरलेली सिरिंज, त्यात एक हवेचा बुडबुडा. आपल्याला वाटतं बुडबुडा काढावा. काढायचा नाही, पूर्ण सिरिंज द्यायची असेल तेव्हा तो तसाच ठेवायचा. काढताना औषधही जातं. बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर दूर, चिमटीत कातडी उचलायची आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. आणि चोळायचं नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं चोळलं, दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा निळा डाग. दोन इंजेक्शनांची गल्लत नको म्हणून सिस्टरना विचारून वाटणी केली: इन्सुलिन मांड्यांना, हे पोटाला. मांडीचं इन्सुलिन पोटाच्या मानानं सावकाश भिनतं, म्हणून अशी वाटणी परस्पर करू नका. रोज जागा बोटभर सरकवायची, आज डावी तर उद्या उजवी.

एक पेन मी वाया घालवलं. राखीव पेनं फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. मी ते बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलं आणि ते गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निरुपयोगी. वापरातलं पेन फ्रिजबाहेर, त्यावर उघडल्याची तारीख. आमच्या पत्रकात 28 दिवस होते. त्या रात्री दुसरं पेन मिळेना म्हणून बाटली आणि सिरिंज घ्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हातातलं दोन्ही परत घेतलं: बाटली होती मिलिलिटरला 40 युनिटची आणि सिरिंज 100 ची. त्या सिरिंजवर 10 च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर गेले असते 4 युनिट. बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची झाली असती तर 10 च्या जागी 25. सहसा 40 च्या सिरिंजचं टोपण लाल असतं आणि 100 च्या नारिंगी, पण रंगावर न जाता दोन्हीवरचे आकडे जुळवून पाहा.

2 एप्रिलची संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. साडेसातला इन्सुलिन दिलं, आठला फीड द्यायचं होतं. मधल्या वेळात आईला खोकल्याची उबळ आली, तिनं डाव्या हातानं चेहरा पुसला आणि नळी अर्धी बाहेर. नळी परत आत ढकलायची नाही एवढं शिकवलेलं होतं. चिकटपट्टी काढून ती सावकाश ओढून घेतली. एक सुटकेसारखं वाटलंही, तिचा चेहरा मोकळा दिसला. मग लक्षात आलं की इन्सुलिन आत आहे आणि फीड जायला वाट नाही.

साडेआठला शुगर 74. पावणेनऊला 58, कपाळावर घाम. माझ्या एका हातात ग्लुकोजची पावडर होती, दुसऱ्या हातात पाणी, आणि समोर गिळता न येणारं माणूस. फोनवरच्या डॉक्टरांनी बजावलं, तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. लगेच घेऊन या. गाडीत ताई तिचं नाव घेत होती, आई डोळे मिटत होती. कॅज्युअल्टीत दंडाच्या शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी दिलं. पाच-सात मिनिटांत आईनं डोळे उघडून ताईकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. शुगर 142. नवी नळी, एक्स-रे, घरी पोहोचलो दीडला.

त्यानंतर क्रम बदलला. आधी नळीचा आकडा, मग पीएच, मग तयार फीड उशाशी, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं अर्ध्या तासाच्या हिशेबात इन्सुलिन. घरात ग्लुकॅगॉनचं, म्हणजे घसरलेली शुगर वर आणणाऱ्या इंजेक्शनचं, 1 मिलिग्रॅमचं किट आणून ठेवलं. त्यात पावडर आणि द्रव वेगळे असतात, आयत्या वेळी मिसळून मांडीच्या स्नायूत द्यायचं. तारीख उलटलेल्या एका किटवर सिस्टरनी मला आणि ताईला मिसळायचा सराव करून दिला. किट वापरायची वेळ आली नाही.

आता तक्त्याबद्दल. आम्ही दाराच्या मागे एक तक्ता लावला होता: वेळ, औषध, वाट, डोस, सही. नियम एकच, औषध गेल्यावर सही, आधी नाही. 9 एप्रिलला रात्री मी इन्सुलिन दिलं आणि सही करायच्या आत ऑफिसचा फोन आला. बोलत बाहेर गेलो. ताईनं तक्ता पाहिला, रकाना रिकामा, इन्सुलिनचं पेन उचललं. आईनं डावा हात मांडीवर आडवा घट्ट धरला. ताई हात बाजूला करते, आई परत ठेवते. ताईला वाटलं हट्ट करतेय. मी आत आलो तेव्हा ही झटापट चालू होती. तेव्हापासून औषध देण्याआधी आम्ही आईला नाव सांगून विचारायला लागलो, तिला बोलता येत नसलं तरी. डॉक्टर-नर्स पाच गोष्टी पाहतात, योग्य माणूस, औषध, मात्रा, वाट, वेळ. घरात माणूस एकच म्हणून पहिली गोष्ट आम्ही सोडून दिली होती. त्या माणसाला विचारायचंही सोडलं होतं.

थोडं सुटं सुटं. डोळ्यांचे थेंब: खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध नाकाच्या वाटेनं रक्तात उतरत नाही. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं. सिरपसाठी सुई बसणारी सिरिंज कधीच वापरू नका; तोंडा-नळीच्या सिरिंज वेगळ्या ट्रेमध्ये, इंजेक्शनचं सामान वेगळ्या खोलीत. घरातल्या चमच्यानं माप घेऊ नका. वापरलेल्या सुयांना टोपण लावायच्या नादात सहाव्या दिवशी माझं बोट टोचलं. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतलं, डॉक्टरांना कळवलं, आईचे भरतीच्या वेळचे रिपोर्ट पाहून त्यांनी निश्चिंत केलं. नंतर जाड प्लॅस्टिकचा डबा, पाऊण भरला की बंद करून हॉस्पिटलात परत. दर पंधरा दिवसांनी ओपीडीत प्रिस्क्रिप्शन नवं करून घ्यावं लागायचं, सरासरी अडीच तास. मूळ कार्डाच्या तीन झेरॉक्स आणि तक्त्याचा फोटो बरोबर असला की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटायचे. वेळेचा खर्च म्हणाल तर रोज साडेतीन तास औषधांतच, आणि माझी चौदा दिवसांची रजा.

22 एप्रिलला गिळण्याची तपासणी झाली, स्पीच थेरपिस्टनी दोन दिवसांनी नळी काढायला होकार दिला. लांबलं असतं तर पोटातून नळी घालायचा विचार सुरू होता. मला वाटलं आता सुटलो. पण तोंडाची वाट उघडली म्हणून यादी परत पहिल्यापासून तपासावी लागली: कुठली गोळी आता अख्खी द्यायची, कुठली अजून सिरपच. गुठळीचं इंजेक्शनही त्याच आठवड्यात गोळीवर गेलं. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एकच गोळी, घट्ट केलेल्या पाण्याबरोबर.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईचे शब्द एक-एक करून परत येऊ लागले. एका सकाळी तिच्या तळहातावर मी बीपीची गोळी ठेवली. तिनं ती तोंडाशी नेली नाही. बोटानं उलटवली, खिडकीकडे धरून पाहिली.

"नवी," ती म्हणाली.

स्ट्रिप आणि तक्ता दोन्ही तिच्यासमोर धरले. आदल्या दिवशीच बदललेली, दिवसाला एक, तीच एक्सएल. तिनं नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो आई, नवी. बीपीची आहे. ही चावायची नाही."